गरोदरपणातील कावीळ

आज ज्या विषयावर मी चार शब्द सांगणार आहे, तो खरे म्हणजे डॉक्टरांचा विषय. मी डॉक्टर नव्हे. महाविद्यालयात भाषा शिकवणारा प्राध्यापक आहे. तेव्हा "यांना यात बोलायचा अधिकार काय?" असे तुमच्या मनात आले तर ते रास्तच आहे. माझा अधिकार एवढाच, की या बाबतीत एकदा माझ्या हातून चूक झाली. ती चूक मी अज्ञानाने केली, आणि तसेच अज्ञान आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात आजही नांदत आहे. म्हणून हे बोलणे.

आमचे लोणंद तुम्हांपैकी बहुतेकांना ठाऊक असेल. कांद्याच्या बाजारामुळे ते शेतकऱ्यांना माहीत आहे, आणि माउलींची पालखी नीरेचे स्नान आटोपून सातारा जिल्ह्यात आली की लोणंदला मुक्कामाला येते, म्हणून वारकऱ्यांनाही माहीत आहे. या गावाजवळच्या एका वस्तीवरचा मुलगा माझ्या वर्गात होता. त्याचे वडील एका संध्याकाळी माझ्या घरी आले. त्यांची थोरली लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. म्हणाले, "सर, पोरीचं डोळं पिवळं दिसत्यात. आठवा चाललाय. काय करावं?"

मी काय सांगावे? मी म्हणालो, "अहो, कावीळ आहे, घाबरू नका. आमच्या घरात दोघांना झाली होती, महिन्याभरात दोघेही हिंडूफिरू लागले. तेलतूप बंद करा, विश्रांती द्या." माळ घालणाऱ्या एका माणसाचे नावसुद्धा मीच सुचवले. शिकलेल्या माणसाने सांगितले म्हणून ते समाधानाने परत गेले.

दुसऱ्या दिवशी पोरीच्या गळ्यात माळ पडली. तिसऱ्या दिवशी ती दिवसभर झोपून राहिली. घरच्यांना वाटले, अशक्तपणा आहे. त्या रात्री ती असंबद्ध बोलू लागली, आईला ओळखेना. तेव्हा कोणी म्हणाले बाहेरची बाधा आहे, आणि अंगारा लावण्यात रात्र गेली. चौथ्या दिवशी गाडी करून तिला मोठ्या दवाखान्यात नेले. मूल पोटातच गेले होते. दोन दिवसांनी तीही गेली.

महिन्याभराने तिचे वडील मला बाजारात भेटले. मला मान वर करवेना. ते म्हणाले, "सर, तुमच्यावर राग न्हाई. पर तवा तुम्ही 'गाडी काढा' म्हनला असता, तर मी काढली असती."

श्रोतेहो, त्या दिवशी गाडी निघाली असती तर ती नक्की वाचली असती, असे कोणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण तिला जी संधी मिळायला हवी होती ती मिळाली नाही, आणि ती माझ्या एका वाक्याने हुकली. त्यानंतर मी डॉक्टरांना विचारले, मिळेल ते वाचले. त्यातून जे समजले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट अशी, की कावीळ हा एक रोग नव्हे; ती रोगाची खूण आहे. आपल्या पोटात उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आड यकृत असते. बोलताना आपण त्याला लिव्हर म्हणतो. हे यकृत म्हणजे घरातल्या कर्त्या बाईसारखे आहे. एकाच वेळी दहा कामे उरकत असते, आणि ते थांबेपर्यंत त्या कामांची कोणाला आठवणही होत नाही. अन्नातली साखर साठवून ठेवणे आणि लागेल तशी रक्तात सोडणे, जखम झाल्यावर रक्त गोठावे यासाठी लागणारे घटक तयार करणे, शरीरातली विषारी द्रव्ये निवारणे, ही सारी कामे त्याची. जुन्या रक्तपेशी मोडल्या की एक पिवळा रंग तयार होतो; तो पित्तावाटे बाहेर टाकण्याचे कामही यकृताचेच. यकृत सुजले की तो रंग रक्तात साठतो, आणि डोळे व लघवी पिवळी होतात. म्हणजे पिवळेपणा हा नुसता धूर आहे; आग आत लागलेली असते. ती आग किती मोठी आहे, हे धुराच्या रंगावरून समजत नाही.

ही आग लावणारी कारणे अनेक आहेत. त्यांतले आपल्या भागात गरोदर स्त्रीला सर्वांत घातक ठरणारे कारण म्हणजे हिपॅटायटिस ई नावाचा विषाणू. तो दूषित पाण्यातून येतो. रोग्याच्या विष्ठेतला विषाणू गटारात, गटारातून पाण्यात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात, असा त्याचा प्रवास असतो.

या विषाणूची कथा आपल्या देशाशी आणि आपल्या पुण्याशीही जोडलेली आहे. १९५५ साली यमुनेला पूर आला, नदीने आपला प्रवाह बदलला, आणि दिल्लीला पाणी पुरवणाऱ्या वझिराबाद केंद्राच्या तोंडाशी एका मोठ्या नाल्याची घाण येऊन मिळाली. तेथल्या अभियंत्यांनी तत्परतेने पाण्यात जास्तीची तुरटी आणि क्लोरीन टाकले. त्यामुळे विषमज्वर आणि हगवण यांची साथ आली नाही. सर्वांना वाटले, संकट टळले. परंतु काही आठवड्यांनी, डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये, दिल्लीत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. घाण इतकी होती, की जीवाणू मेले तरी हा चिवट विषाणू तगून राहिला. या साथीत गरोदर स्त्रियांचे मृत्यू इतरांच्या मानाने पुष्कळ जास्त झाले, ही गोष्ट त्या वेळच्या डॉक्टरांच्या ध्यानात आली.

पुढे १९७८ साली काश्मीर खोऱ्यात अशीच मोठी साथ आली. डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी गावोगाव फिरून तिचा अभ्यास केला. कावीळ झालेल्या गरोदर स्त्रियांपैकी साधारण पाचांतल्या एकीचे यकृत एकाएकी निकामी झाले, असे त्यांना दिसले. गरोदर नसलेल्या स्त्रियांत तसे आढळले नाही. १९८० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील डॉ. खोर्शेद पावरी व त्यांचे सहकारी, आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञ, यांनी मिळून दिल्लीच्या त्या जुन्या साथीतले जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासले. ही कावीळ तोपर्यंत माहीत असलेल्या विषाणूंमुळे झालेली नव्हती, हे त्यावरून सिद्ध झाले. १९८३ साली मिखाइल बालायान या रशियन शास्त्रज्ञाने आपला प्रयोग प्रसिद्ध केला. रोग्यांच्या विष्ठेचा अर्क त्याने स्वतः पिऊन स्वतःला कावीळ करून घेतली होती, आणि मग त्या विषाणूचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते! एवढ्या खटाटोपातून आपल्याला या शत्रूचे नाव कळले आहे.

आणि हा शत्रू काही दिल्ली-काश्मीरपुरताच नाही. १९८१ साली कोल्हापूर शहरात पाण्यातून काविळीची साथ आली होती. २०१२ साली इचलकरंजीत हिपॅटायटिस ई ने हजारो लोकांना अंथरुणावर पाडले. म्हणजे आपल्या जवळच्याच जिल्ह्यात, आपल्यासारख्याच नळांतून हे झालेले आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. हा विषाणू तरण्याताठ्या पुरुषाला झाला तर महिना-दीड महिन्यात तो बहुधा आपोआप बरा होतो. त्याला माळ घातली तरी तो बरा होतो, न घातली तरी बरा होतो. आपली सगळी फसगत येथेच झाली आहे. शंभरातले अठ्ठ्याण्णव आपोआप बरे होणार असले, तर औषध देणाऱ्याचे नाव गाजणारच. परंतु तोच विषाणू गरोदर स्त्रीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत झाला, तर शंभरातल्या वीस ते पंचवीस जणी दगावू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गरोदरपणातच तो इतका क्रूर का होतो, हे कोडे अजून पुरते सुटलेले नाही. शरीराची प्रतिकारशक्ती आणि अंतःस्राव त्या काळात बदलतात, त्याच्याशी याचा संबंध असावा असे मानतात.

शिवाय हिपॅटायटिस ई हे एकच कारण नव्हे. गरोदरपणामुळेच उद्भवणारे यकृताचे काही विकार आहेत. एकात यकृतात चरबी साठून ते झपाट्याने निकामी होते. दुसऱ्यात रक्तदाब वाढतो, डोके ठणकते, पोटाच्या वरच्या भागात उजवीकडे दुखते आणि रक्तातल्या गोठवणाऱ्या पेशी कमी होतात. या दोन्हींत वेळेवर बाळंतपण करवणे हाच मुख्य उपाय असतो. तिसऱ्या प्रकारात तळहाताला आणि तळपायाला, विशेषतः रात्री, असह्य खाज सुटते. त्यात आईला धोका कमी, पण पोटातल्या बाळावर लक्ष ठेवावे लागते. बाहेरून पाहिले तर डोळे सगळ्यांत पिवळे होऊ शकतात. कोणता प्रकार आहे, हे रक्त तपासल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही. वैदूला नाही, शेजारणीला नाही, आणि माझ्यासारख्या प्राध्यापकाला तर मुळीच नाही.

म्हणून आजच्या भाषणातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर ते हे ठेवा: गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले, की त्याच दिवशी दवाखाना. उद्या नव्हे, आणि अमावास्या उलटल्यावर तर नव्हेच.

डोळे पिवळे होण्याच्या आधीही खुणा असतात. बारीक ताप येतो, अन्नाचा वास नकोसा होतो, मळमळते, उलट्या होतात, लघवी गडद चहासारखी होते. येथे एक घोटाळा होतो. घरातल्या वडीलधाऱ्या बायका म्हणतात, "डोहाळे आहेत." आयाबायांनो, डोहाळे हे पहिल्या तीन-चार महिन्यांचे. सातव्या महिन्यानंतर नव्याने उलट्या सुरू झाल्या, तर त्यांना डोहाळे म्हणू नका.

आणि पुढच्या खुणा तर घड्याळाकडे पाहून मोजायच्या आहेत. बाई दिवसा झोपते आणि रात्री जागी राहते. विचारल्याचे उत्तर भलतेच देते. हात पुढे धरायला सांगितले तर पंजा फडफडतो. हिरड्यांतून, नाकातून रक्त येते. बाळाची हालचाल कमी होते. ही बाधा नव्हे. यकृताने निवारायचे विष मेंदूपर्यंत पोहोचले आहे, त्याची ही खूण आहे. अशा वेळी घालवलेली एक रात्रही फार महाग पडते.

जायचे कोठे? जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, आणि तेथे स्पष्ट सांगा, "बाई गरोदर आहे, इतका महिना आहे, आणि डोळे पिवळे आहेत." हे तीन शब्दप्रयोग एकत्र ऐकले की डॉक्टर वेळ लावणार नाहीत. तेथून साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात किंवा पुण्याच्या ससूनला पाठवले तर कुरकुर न करता जा. गाडीसाठी १०२ किंवा १०८ हा क्रमांक फिरवा. सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रीची ने-आण, तपासणी, औषध, रक्त आणि बाळंतपण २०११ सालापासूनच्या योजनेप्रमाणे विनामूल्य आहे. गावातल्या आशाताईंना बोलवा. कागदपत्रांची वाट त्यांना माहीत असते. रक्त द्यायला तयार असलेले दोघे नातेवाईक सोबत घ्या, कारण या आजारात बाळंतपणात रक्तस्राव फार होऊ शकतो.

कोणी विचारील, "दवाखान्यात तरी यावर औषध आहे काय?" खरे सांगायचे तर गरोदरपणात हिपॅटायटिस ई च्या विषाणूला मारणारे खात्रीचे औषध नाही. पण विषाणूला मारता आले नाही, तरी बाईला जगवता येते. यकृत दमलेले असताना तिची साखर सांभाळणे, रक्त गोठावे म्हणून रक्तद्रव देणे, मेंदूची सूज आटोक्यात ठेवणे, बाळंतपणाच्या वेळी सारी तयारी हाताशी ठेवणे, ही कामे दवाखान्यातच होतात. यकृताला थोडे दिवस मिळाले तर ते स्वतःला पुन्हा उभे करते, हा त्याचा मोठा गुण आहे.

घरगुती उपायांबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. माळ लांबते ती गाठी सैल होतात आणि ओल्या काड्या सुकतात म्हणून. हात धुताना पिवळे पाणी निघते, ते आधी हाताला चोळलेल्या झाडपाल्याचा चुन्याच्या निवळीशी संयोग होतो म्हणून. धडधाकट माणसाचे हात तसे धुवा. पाणी तेवढेच पिवळे होईल. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करून दाखवावा. माळ आणि पिवळे पाणी स्वतः मारीत नाहीत; ते दिवस खातात. पोटात घ्यायच्या अनोळखी काढ्यांची मात्र गोष्ट निराळी. त्यांतले काही सुजलेल्या यकृतावर आणखी भार टाकतात. दंडावर डाग देणे तर निव्वळ क्रूरपणा आहे. पथ्याच्या नावाखाली बाईला उपाशी ठेवू नका. तिच्या रक्तातली साखर आधीच ढासळण्याच्या बेतात असते. आणि काविळीला चांगला म्हणून गाड्यावरचा उसाचा रस आणून पाजाल, तर त्यातला बर्फ कोणत्या पाण्याचा आहे, याचा आधी विचार करा. ज्या वाटेने रोग आला त्याच वाटेवर आपण औषध शोधतो!

आता पाण्याकडे वळू. मूळ तेथेच आहे. हा विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत दोन ते दहा आठवडे, साधारणपणे पाच-सहा आठवडे जातात. समजा, एखाद्याने पालखीच्या दिवसांत वाटेवर कोठेतरी दूषित पाणी प्यायले, तर त्याची कावीळ दिसेल श्रावणात. तो दोष देईल श्रावणातल्या जेवणाला. लेक सासरी असताना पाणी प्यायली असेल आणि आजारी पडेल माहेरी. म्हणून "आमच्याकडचं पाणी चांगलं आहे" या वादात वेळ घालवू नये. दोन्ही गावांनी आपापले पाणी तपासावे.

नळाचे पाणी टाकीतून चांगले निघते. ते बिघडते वाटेत. आपल्याकडे नळाला दिवसातून तास-दोन तास पाणी येते. पाणी बंद झाले की नळी रिकामी होते, आणि ती गटारातून गेलेली असेल, कोठे फुटकी असेल, तर बाहेरचे घाण पाणी आत शोषून घेते. दुसऱ्या दिवशी पहिल्या हंड्यात तेच येते. त्यात आपण नळाला थेट मोटर लावतो. मोटर पाणी ओढते तशी भोकातून गटारही ओढते. आपल्या टाकीत चार हंडे जास्त पडावेत म्हणून आपण सबंध आळीच्या घशात काय ओततो, याचा विचार करा.

तेव्हा गटारातून गेलेली नळी उचलून घ्या. ग्रामसभेत उठून विचारा, की टीसीएल पावडर रोज पडते का आणि शेवटच्या घराच्या नळाला क्लोरीन लागतो का. विहीर किंवा बोअरपासून संडासाचा खड्डा निदान १५ मीटर दूर असू द्या. मात्र दिल्लीचा धडा विसरू नका: पाणी गढूळ असले की क्लोरीन एकटा पुरत नाही. म्हणून घरात गरोदर बाई असेल, तर तिचे पिण्याचे पाणी खळखळून उकळा आणि उकळी आल्यावरही काही मिनिटे चुलीवर राहू द्या. सरपण किंवा गॅस थोडा जास्त जाईल, जाऊ द्या. या विषाणूवर चीनमध्ये २०११ साली लस मंजूर झाली, पण आपल्या लसीकरण कार्यक्रमात ती नाही. तोवर उकळलेले पाणी हीच आपली लस.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. गावात तुमच्या शब्दाला वजन आहे. माझ्याही शब्दाला होते, आणि त्याचा परिणाम मी सांगितलाच. म्हणून वजन जपून वापरू या. मुलांना वर्गात विचारा, "घरात, आळीत कोणाचे डोळे पिवळे आहेत काय?" एका आळीत आठवड्यात दोघे-तिघे निघाले, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवा. शाळेत पाण्याची काळ्या रंगाची बाटली-चाचणी मुलांच्या हातून करवून घ्या. पाण्यात विष्ठेची घाण असली की दिवस-दोन दिवसांत ते काळे पडते. ते मुलांनी डोळ्यांनी पाहिले, की पुढचे व्याख्यान मुलेच घरी देतील. आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची विनामूल्य तपासणी होते, हे त्यांच्या आयांपर्यंत पोहोचवा.

श्रोतेहो, मी वर्गात इतकी वर्षे शब्दांचे अर्थ सांगत आलो. "कावीळ" या शब्दाचा अर्थ मात्र मला एका बापाने बाजारात उभे राहून शिकवला. तुमच्या दारात कोणी असाच विचारायला आला, "पोरीचं डोळं पिवळं दिसत्यात, काय करावं?" तर त्याला पथ्य सांगू नका, माळेवाल्याचे नाव सांगू नका. चप्पल पायात घाला, त्याच्याबरोबर बाहेर पडा आणि म्हणा, "गाडी काढा."